बाहुलीघर कुणाच्या नावे

ते छत ज्यानं रंगवलं त्याला बायकोच्या शिव्या नक्की बसल्या असणार, हा माझ्या मनात आलेला पहिला विचार. छत म्हणजे बाहुलीघराचं, आणि तेही आतल्या बाजूनं. वीतभर खोली. फरशीला गाल टेकवून वर पाहिलं तरच दिसेल अशी लाकडी तक्तपोशी, आणि तिच्यावर डाळिंबाच्या फांद्या. कळ्या वेगळ्या, फुलं वेगळी, एक डाळिंब तर उलून आतले दाणे दिसत होते. कोण बघणार होतं ते? बाहुल्या? मी जळगावच्या मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायची. जास्वंदीच्या पानाला शिरा असतात हे पोरींच्या गळी उतरवता उतरवता माझा तास संपायचा, आणि इथे हा गृहस्थ कोणी बघणार नाही अशा ठिकाणी डाळिंबाचे दाणे मोजून बसवून गेला होता.

हे धुळ्यात, एका मारवाडी शेठच्या घराच्या चौकात. साठचं दशक सरत आलं होतं. चैत्राचे शेवटचे दिवस, सकाळीच फरशी तापलेली, आणि त्या तापल्या फरशीला गाल लावून मी पडले होते. विधवा बाईनं चारचौघांत असं पडू नये, हे मला कळत होतं. पण कळणं आणि वाटणं यांची तेव्हा फारकत झाली होती.

मला काहीही वाटत नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे कोणी माझ्याकडून हुंदक्यांची अपेक्षा करणार नाही. माझा नवरा दिवाळीनंतर गेला. कावीळ झाली, आधी साधी म्हणाले, मग साधी राहिली नाही. तो जिनिंग फॅक्टरीत कापसाच्या वजनकाट्यावर होता. तो गेल्यावर मी दिवस झाले की शाळेत जायला लागले, फळ्यावर फुलं काढायला लागले, मुलीची वेणी घालायला लागले. बाया म्हणायच्या, काय धीराची बाई आहे. धीर कसला डोंबलाचा! दाताच्या डॉक्टरनं इंजेक्शन दिलं की गाल आपला असून आपला वाटत नाही, तसं सगळं होतं. पोळी भाजताना तव्याचा चटका बसला तरी मी हात जरा उशिरानेच काढायची.

चालत होते ते फक्त डोळे. ते मात्र पूर्वीपेक्षा जास्त चालत होते. कोणाच्या साडीचा काठ कुठे उसवलाय, कोणत्या भिंतीचा कोपरा काटकोनात नाही, हे मला लांबून दिसायचं. माणसाचं तोंड समोर असलं की मी त्याच्या चष्म्याची काडी कशी बसवलीय ते बघत बसायची.

आता मी त्या चौकात का होते ते. माझे थोरले दीर आणि जाऊ धुळ्याला राहायचे. दिरांना सगळे नाना म्हणत, जावेला मी अक्का म्हणायची. नानांची लाकडाची वखार होती, घर भरलेलं होतं, फक्त मूल नव्हतं. माझी मुलगी तेव्हा पहिलीत होती. आणि ती मुलगी नानांना दत्तक द्यायची, असं ठरलं होतं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. त्या दिवशी मुहूर्त पाहावा लागत नाही, त्यामुळे भटजींनीही फार खळखळ केली नाही. पूर्वी मुलगी दत्तक घेता येत नसे, पण आता कायदा बदललाय, असं नानांनी मला समजावून सांगितलं होतं. मला म्हणजे माझ्या घरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरला. धाकट्या भावाच्या बायकोशी बोलताना तिच्याकडे पाहायचं नाही, ही त्यांची रीत. मी त्यांच्यासमोर डोक्यावर पदर घेऊन, खाली बघून उभी. अशा तऱ्हेनं एक कॅलेंडर आणि एक फरशी यांच्यात माझ्या मुलीचं ठरलं.

अक्का मात्र सरळ बोलायची. ती शिंदखेड्याकडची, तिला आमची शहरी मराठी कधी मानवलीच नाही. "पोरले कोण देखी वं तठे?" ती म्हणाली होती. "तू दिनभर शाळामा. पोर कुलूपमा ऱ्हाई का?"

ते खरंच होतं. मी शाळेत असताना मुलगी शेजारणीकडे असायची, आणि शेजारणीला स्वतःची चार होती. मी काही बोलले नाही. सुनेनं काही म्हटलं नाही म्हणजे हो म्हटलं, हा आमच्या घरचा कायदा. सरकारचा त्यानंतर. नाना उठले, कॅलेंडरला म्हणाले, "मग आखाजीला," आणि गेले. मी उरलेल्या पोळ्या लाटल्या.

आणि आखाजीच्या तोंडावर हा लिलाव निघाला. शेठचं घर मोठं, पण माणसं पांगलेली. एक मुलगा इंदूरला, एक मद्रासकडे. आता म्हातारी शेठाणीही इंदूरला जाणार होती. घरातलं सामान चौकात मांडून विकायला काढलं होतं. पलंग, पेट्या, झुंबरं, पितळी भांडी, आणि तीन बाहुलीघरं. नानांना बाजारातून कळलं आणि त्यांनी मला मुलीला घेऊन बोलावून घेतलं. पोर घरात येणार तर तिला स्वतःचं काहीतरी हवं, असा त्यांचा विचार. विचार चांगलाच होता. नाना वाईट माणूस असते तर माझं काम किती सोपं झालं असतं!

तर ती घरं. शेठच्या आजोबांनी राजस्थानातून सुतार आणवून राहतं घर बांधलं, तेव्हाच ही तिन्ही करून घेतली होती. पहिलं हवेलीसारखं, झरोके असलेलं. दुसरं दुकानाचं, खाली गादी-तक्क्याची पेढी, वर बिऱ्हाड. आणि तिसरं चक्क आपलं खानदेशी धाब्याचं घर. सपाट माळवद, वर जायला जिना, आणि माळवदावर वाळत घातलेल्या बिबड्या, ज्वारीच्या पापडांसारख्या असतात त्या. तांबूस लाकडाच्या नखाएवढ्या चकत्या, कडा वाळून वर वळल्यासारख्या कोरलेल्या. राजस्थानातून आलेल्या माणसानं उन्हाळ्यात इथल्या बायका काय वाळत घालतात ते नीट बघितलं होतं. मला ते तिसरंच आवडलं. डाळिंबाची तक्तपोशी त्यातलीच.

मी ते घर शेंड्यापासून बुडख्यापर्यंत पाहिलं. कुठे खिळा म्हणून नव्हता. फळीचे दात फळीत अडकवून कोपरे बसवले होते, आणि सांध्यावर बोट फिरवलं तर सांधा बोटाला लागत नव्हता. दारांना कडी-कोयंडे होते आणि ते लागत होते. झोपाळ्याची साखळी पितळेच्या तारेची, एकेक कडी वळवलेली. झोपाळा हलवला की अगदी बारीक करकरायचा. स्वयंपाकघरात खऱ्या दगडाचं जातं, सुपारीएवढं, आणि त्याचा खुंटा फिरत होता. हंडे, कळशा, घंगाळ ही भांडी सोनगीरच्या तांबटांकडून करून घेतलेली. हंड्याच्या पोटावर ठोक्यांच्या खुणा दिसत होत्या, खऱ्या हंड्यावर असतात तशा. एवढ्याशा पत्र्यावर एवढेसे ठोके कोणत्या हातोडीनं मारले असतील? मी बराच वेळ त्याच प्रश्नावर अडकले होते.

पण मी थांबले ती कोनाड्यापाशी. माजघराच्या भिंतीत दिव्याचा कोनाडा होता, आणि त्याच्या वरची भिंत काळी होती. मला आधी वाटलं पोरींनी काहीतरी पेटवलं असेल. मग निरखून पाहिलं. तापल्या सळईनं लाकूड हळूहळू करपवत नेलं होतं, खाली गडद, वर जाता जाता विरळ. दिव्याची काजळी. सुतारानं घर नवंकोरं केलं आणि त्यात कितीतरी वर्षांची काजळी घालून ठेवली. म्हणजे त्या घरात कोणीतरी आधीच राहून गेलं होतं.

"हात लावा बाई, हात लावल्यानं काही होत नाही," मागून आवाज आला. शेठाणी ओट्यावर खुर्ची टाकून बसली होती. जाड चष्मा, पांढरी ओढणी. "चार पिढ्यांच्या पोरी खेळल्या. मोडायचं असतं तर केव्हाच मोडलं असतं."

"बाहुल्या कुठे गेल्या याच्या?" मी विचारलं. घरं तिन्ही रिकामी होती.

"बाहुली पोरीबरोबर जाते," ती म्हणाली. "आमच्यात तसंच आहे. लग्न झालं की पोर आपली बाहुली घेऊन सासरी जाते. घर इथे राहतं, पुढच्या पोरीला."

माझी मुलगी तोवर माळवदावरच्या बिबड्या उचलून बघत होती. त्या निघत नव्हत्या, चिकटवलेल्या होत्या. ती प्रत्येक बिबडी उपटून बघत होती, न जाणो एखादी निघेल.

नाना आले, त्यांनी बोटाच्या पेरानं भिंतीवर टकटक केलं आणि झोपाळ्याला म्हणाले, "सातपुड्याचा साग आहे हा. जुना. आता असा येत नाही. आमच्या वखारीतला माल याच्यापुढे जळण." मग जरा थांबून, "बाईंना कोणतं पसंत आहे?"

नोकरी लागल्यापासून ते मला बाई म्हणत. अर्धी थट्टा, अर्धं कौतुक. "हे," मी खाली बघून म्हटलं.

लगेच नवरा-बायकोत ते ठेवायचं कुठे यावरून जुंपली. नाना म्हणत होते वरच्या खोलीत, खिडकीपाशी, उजेड असतो. अक्काला ते पटेना. "देवघरजोडे ठेवसूत. येता-जाता नजर ऱ्हाई. वर पोर एकटी काय करी?" बाजारात तुरी म्हणतात त्यातली गत. अजून बोली लागलेली नव्हती आणि यांनी घर उचलून दोनदा जागेवर ठेवलंही होतं. अक्कानं माझ्या मुलीसाठी झबली शिवून ठेवली होती, फ्रॉक शिवून ठेवले होते, शिवायच्या भरात सगळ्या मापांचे. मी ते बघितले होते. टाके चांगले होते. एवढंच माझ्या लक्षात राहिलं.

मग पुकारा सुरू झाला. भांडी गेली, पलंग गेले. बाहुलीघरांची वेळ आली तेव्हा शेठाणीनं काठी आपटून पुकारणाऱ्याला थांबवलं आणि अट सांगितली. मुलींच्या खेळण्याचा पैसा तिच्या घरात खात नसत. तो पांजरपोळाला जाणार होता. आणि घरं मोडून शोभेच्या सामानाच्या व्यापाऱ्याला विकायची नव्हती. ज्याच्या घरी मुलगी आहे त्यानंच बोली बोलायची. मुलीला समोर आणायचं. घर मुलीच्या नावे, तिच्या बापाच्या नावासकट, सगळ्यांसमोर पुकारलं जाईल.

गर्दीत हसू पिकलं. लोकांना वाटलं म्हातारीचं डोकं फिरलं. मला ती अट अगदी नीट, कोपऱ्यात कोपरा बसवलेली वाटली.

हवेली एका कापडवाल्याला गेली. त्याच्या दोन मुली पुढे उभ्या राहिल्या, शेठाणीनं विचारलं, "बेटी, तुझ्या बापाचं नाव काय?" दोघींनी एका सुरात सांगितलं, पुकारणाऱ्यानं छाती फुगवून ते तीनदा पुकारलं, आणि कापडवाला असा उभा राहिला की जणू त्यालाच कोणी विकत घेतलंय.

दुकानाच्या घराला मात्र गंमत झाली. एक परगावचा जुन्या सामानाचा व्यापारी बोली वाढवत नेत होता. त्यानं पुढे केलेली पोर परकर सावरत आली. शेठाणीनं तोच प्रश्न विचारला. पोरीनं बापाचं नाव सांगितलं, पण ते त्या व्यापाऱ्याचं नव्हतं. ते निघालं कोपऱ्यावरच्या चहावाल्याचं. पोर कुणाची, उसनी आणून उभी केलेली! चौकात असा हशा उसळला की पारवे उडाले. व्यापारी तोंड चुकवून निघून गेला, आणि लोक मागून ओरडत होते, "आबा, पोर तरी धुऊन-पुसून परत करा!" ते घर मग एका कंपाउंडरला मिळालं.

मीही हसले असेन. तोंड तसं झालं होतं खरं.

तिसऱ्या घराला नाना पुढे झाले. फार कोणी आडवं आलं नाही. धाब्याचं घर काय सगळ्यांकडेच होतं, ते बघायला पैसे कोण देणार? बोली दोन-तीनदा सरकली आणि नानांवर थांबली.

"एक वार," पुकारणारा म्हणाला. "मुलगी कुणाची?"

"माझी," नाना म्हणाले.

ते खोटं बोलत नव्हते. त्यांच्या हिशेबानं आखाजी झाल्यातच जमा होती. अक्कानं माझ्या मुलीचा हात धरून तिला पुढे नेलं, तिचे केस सारखे केले. मुलगी ओट्याच्या पायरीखाली उभी राहिली. शेठाणी वाकली.

"बेटी, तुझ्या बापाचं नाव काय?"

मुलगी गप्प.

ती पहिलीत होती. पहिलीतल्या मुलीला पहिल्या दिवशी जे पाठ करून घेतात ते हेच, आपलं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. तिला ते येत होतं. पण गेले काही आठवडे अक्का जळगावला आली की तिला सांगत होती की आता नाना तुझे बाबा. शाळेत विचारलं तर आता असं सांगायचं. तिनं तेही पाठ केलं होतं. तिच्यापाशी आता दोन उत्तरं होती आणि प्रश्न एकच होता. एक नाव घेतलं तर नाना त्या उसन्या पोरीच्या व्यापाऱ्यासारखे उभ्या बाजारात खोटे पडणार. आणि दुसरं घेतलं तर तिचा बाप तिच्याच तोंडून पुसला जाणार. एवढं तिला कळत नव्हतं. पण काहीतरी चुकणार आहे हे कळत होतं.

"बोल बेटी," शेठाणी म्हणाली. गर्दीतून कोणीतरी खुसखुसलं. "हीपण उसनी का काय?"

नाना ताठ उभे होते. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

मुलीनं वळून माझ्याकडे पाहिलं. अक्काकडे नाही, नानांकडे नाही. मी पाठीमागे बायकांत होते, डोक्यावर पदर, समोर थोरले दीर. तिनं मला शोधून काढलं आणि ती बघत राहिली. न शिकवलेलं विचारलं की वर्गात मुली बाईंकडे बघतात, तसं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. मी माझ्या नवऱ्याचं नाव कधी घेतलेलं नव्हतं. आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. घेतलंच तर लग्नात, उखाण्यात, चार बायकांनी दार अडवल्यावर. मी त्याला 'अहो' म्हणायची आणि दुसऱ्यांपाशी 'हे'. शाळेत पगाराच्या वेळी कारकुनानं नाव विचारलं तर मी कागदावर लिहून द्यायची. आणि तो गेल्यावर तर घरात त्याचं नाव कोणीच घेत नव्हतं. नाना 'धाकटा' म्हणत, तेही क्वचित. अक्का 'भाऊजी'. मुलीनं 'बाबा' म्हटलं की सगळे विषय बदलायचे. ते नाव पूर्वी या घरात दिवसातून कितीदा ऐकू यायचं! कोणी हाक मारायचं, कोणी खडसावायचं. ते माणसाबरोबर जाळून आल्यासारखं सगळे वागत होते, आणि मीही.

मी पदर मागे सारला नाही की पुढे आले नाही. आहे तिथूनच बोलले. त्याचं नाव घेतलं, सासऱ्यांचं घेतलं, आडनाव घेतलं. उखाण्यात नाही. सरळ. वर्गात हजेरी घेतात तशा आवाजात, कारण मोठ्यानं बोलायचा माझ्यापाशी तेवढा एकच आवाज होता.

"हे तिच्या वडिलांचं नाव," मी म्हटलं.

बायका माझ्यापासून जराशा सरकल्या. शेठाणीनं चष्म्यातून आधी मला पाहिलं, मग नानांना.

"आणि हे कोण?"

"तिचे काका. थोरले," मी म्हटलं. "त्यांचीच आहे ती, पुतणी आहे. पण वडील ते."

'आहेत' म्हटलं की 'होते' म्हटलं, ते आता आठवत नाही. बहुतेक 'आहेत'च म्हटलं असेल.

आता काय होतंय ते बघायला लोक माना उंच करत होते. नाना माझ्याकडे वळले. लग्न होऊन मी त्या घरात आल्यापासून ते माझ्याकडे पाहून बोलले नव्हते. त्या दिवशी त्यांनी पाहिलं, सरळ तोंडाकडे. मग पुकारणाऱ्याला म्हणाले, "बाईंनी सांगितलं ते लावा. तेच नाव लावा."

"काकानं दिलं तरी चालतं," शेठाणी म्हणाली आणि काठी आपटली. "पुकार."

त्या माणसाचा आवाज काय सांगू! बाजारात धान्याच्या गाड्या पुकारणारा तो माणूस. त्यानं मान वर केली, एक हात कानावर ठेवला आणि माझ्या नवऱ्याचं नाव त्या चौकात पुकारलं. भिंतींनी ते परत दिलं. त्यानं पुन्हा पुकारलं. तिसऱ्यांदा पुकारलं तेव्हा नाना जागच्या जागी खाली बसले, तापल्या फरशीवर, धोतराची पर्वा न करता, आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडायला लागले. धाकट्याला त्यांनीच लहानाचा मोठा केला होता. स्मशानात ते रडले नव्हते. तिथे त्यांना सगळ्या गोष्टींची व्यवस्था बघायची होती.

मी अजून कोरडीच होते. नानांच्या पाठीकडे बघत होते. सदऱ्याच्या शिवणीतून घाम पसरत चालला होता.

अक्का पायरीपाशी उभी होती, माझ्या मुलीचा हात अजून तिच्या हातात. ती मूर्ख बाई नव्हती. पुकारा संपता संपता तिला समजलं होतं काय झालं ते. तिनं तो हात उघडून पाहिला, आत काही राहिलंय का बघावं तसा, आणि मग मुलीला पाठीवर थोपटून माझ्याकडे लोटलं.

"कळनं माले, बाई," ती म्हणाली. "तुनी आंडेर, तुनी पोर. तूच लई जाय."

मला तिची माफी मागायची होती. कशाबद्दल ते नीट सांगता आलं नसतं, म्हणून मी पाया पडले. तिनं मला उठवलं नाही, पण पायही काढून घेतले नाहीत. त्या आखाजीला दत्तविधान झालं नाही. पुढे मी शाळेत असताना मुलीला सांभाळायला अक्काच जळगावला येऊन राहायची, एका वेळी कितीही महिने. पण ते सगळं पुढचं. त्या दिवशी तिनं आम्हाला घरी जेवायलाही थांबवलं नाही. मला ते योग्यच वाटलं.

नानांनी वखारीतून पोती आणि सुतळ्या मागवून बाहुलीघर स्वतः बांधलं. झोपाळा आत कागदात गुंडाळला. एस.टी.च्या टपावर चढवताना हमालाला त्यांनी इतक्या सूचना दिल्या की तो वैतागून म्हणाला, "भाऊ, आत माणसं ऱ्हातीस का काय?" नानांनी सुतळीची गाठ पुन्हा ओढून पाहिली. गाडी सुटेपर्यंत ते उन्हात उभे होते.

गाडीत झळा येत होत्या. मुलगी माझ्या मांडीवर अर्धी, बाकावर अर्धी. पारोळा गेलं तोवर ती खिडकीबाहेर बघत होती. मग एकदम माझ्या हनुवटीला बोट लावून म्हणाली, "आई, तू बाबांचं नाव घेतलंस."

"हो."

"सगळ्यांच्या समोर घेतलंस."

"हो."

"तू कधीच घेत नाहीस. तुला येतं?"

माझ्या छातीत काहीतरी दुखायला लागलं. बरगडीच्या खाली, डाव्या बाजूला, अगदी ठळक. कित्येक महिन्यांत मला पहिल्यांदाच काहीतरी दुखत होतं. ते इतकं दुखलं की मला पुढच्या बाकाची दांडी धरावी लागली.

"येतं," मी म्हटलं.

"मग परत घे ना."

कंडक्टर तिकिटं फाडत आमच्यापर्यंत आला होता. समोरच्या बाकावर पागोटं घातलेले दोन म्हातारे बसले होते. मी नाव घेतलं. तिनं ऐकलं, मान डोलावली आणि म्हणाली, "परत." मी परत घेतलं, आणि एरंडोल आलं तरी घेतच होते. तोवर माझा आवाज पार बसला होता आणि लुगड्याचा पदर ओला झाला होता.